डावं मोकळं

पडदा वर जातो तेव्हा समोर काँक्रीटचं अफाट मैदान. दुपार कलली आहे. एका बाजूला काचेची लांबलचक इमारत, तिच्याकडे नाक करून ओळीनं उभी असलेली नऊ विमानं, आणि त्यांच्या पोटांखालून सामानाच्या गाड्या, इंधनाचे टँकर, जेवणाचे ट्रक अशा लगबगीनं फिरताहेत की वाटावं, तालीम न करताच सगळ्यांनी एकदम प्रवेश घेतला. तसं नाही. इथं प्रत्येकाची जागा जमिनीवर रंगानं आखलेली आहे, आणि कुणी रेघ चुकला तर त्यावर कुणाला हसू येत नाही. या मैदानाला तिथली माणसं रॅम्प म्हणतात. चार वाजले की रॅम्पवर घाम पुसायला फुरसत नसते. तासाभरात सहा विमानं निघायची आणि पाच यायची असतात.

चौदा नंबरच्या जागेवरचं विमान निघायच्या बेतात आहे. विमानाचा एवढा थाट, पण एक गोष्ट त्याला धड जमत नाही, ती म्हणजे मागे सरणं. त्यासाठी कुणीतरी त्याला नाकाशी धरून ढकलावं लागतं. ढकलणारं यंत्र म्हणजे टग, एक बुटका, बसकट, बैलासारखा जोर असलेला ट्रॅक्टर. त्या टगवर पाठ ताठ करून बसलेला, पिवळं जाकीट घातलेला, छप्पन्न वर्षांचा माणूस हा आपला नायक.

त्याला सगळे मुंगी म्हणत. समोर म्हणत, मागे म्हणत, आणि तो ओ देई. सव्वीस वर्षांत त्याचा टग चालत्या माणसापेक्षा जोरात गेलेला कुणी पाहिला नव्हता. सामानगाडीवाले त्याला शेजारून ओलांडताना विचारायचे, "मुंगीशेठ, हे विमान आजचंच ना, की कालचं?" तो मान न वळवता सांगायचा की कालचं आहे, पण अजून सगळं एका तुकड्यात आहे. सव्वीस वर्षांत एकाही विमानाला त्याच्याकडून ओरखडा गेला नव्हता. ही त्याची कमाई. ती तो कुणाला सांगत नसे, पण अंगावरच्या जाकिटासारखी ती त्याच्यावर दिसायची.

विमान ढकलताना टगवाल्याला त्याच्या पंखांची टोकं नीट दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक टोकाशी एक माणूस चालतो. नाटकात विंगेत उभा राहणारा माणूस प्रेक्षकांना दिसत नाही, पण त्यानं हात दाखवल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. हेही तसेच. यांना म्हणतातही विंगमनच. हातात दोन रंगीत दांड्या, खांद्यावर वॉकी-टॉकी. रस्ता मोकळा असेल तर एक म्हणतो "डावं मोकळं", दुसरा म्हणतो "उजवं मोकळं", आणि मग मुंगी पाय हलवतो.

डाव्या पंखाशी त्या दिवशी त्याचा सख्खा मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ. रॅम्पवर त्याला रेडिओ म्हणत, कारण तो बंदच व्हायचा नाही. डावं मोकळं सांगताना तो आभाळ कसं आहे, डबा कुणी खाल्ला, दाजींनी दाढी केली की नाही, हेही सांगून टाकी. वॉकी-टॉकीवर फालतू बोलण्याबद्दल त्याला दोनदा लेखी समज मिळाली होती. तिसरी मिळाली की प्रवेशपास जमा, आणि पास जमा म्हणजे नोकरी जमा. त्यानं त्याचीही गंमत केली होती. म्हणाला होता, "दाजी, बोलायचं थांबलो तर तुम्हाला कळणार कसं, की मी जिवंत आहे?"

दाजींना कळणं हीच तर अडचण होती.

मुंगीचा उजवा कान गेला होता. एका दिवसात नाही. तरुणपणी वॉकी-टॉकी हातात धरून कानाला लावायची असे. त्यासाठी तो उजव्या कानावरचं संरक्षक झाकण सरकवून ठेवायचा, आणि त्याच कानात शेजारच्या इंजिनांचा कर्कश आवाज वर्षानुवर्षं शिरत राहिला. गेल्या तीन वर्षांत आवाज आधी बोथट झाले, मग शब्दांच्या कडा गळून पडायला लागल्या. डाव्या कानात वैमानिकाशी बोलण्याचा हेडफोन असायचा. उजव्या खांद्यावर वॉकी-टॉकी, तिचा आवाज पूर्ण उघडलेला.

वर्षातून एकदा कानांची तपासणी व्हायची. छोट्या खोलीत बसायचं, कानात बारीक सूर वाजला की बटण दाबायचं. समोर औषधांचं कपाट होतं, काचेच्या दारांचं. त्या काचेत तपासणाऱ्याचं बोट दिसायचं. बोट हललं की मुंगी बटण दाबी. दोन वर्षं तो असा पास झाला होता. दोन्ही वेळा बाहेर आल्यावर त्याला पाणी प्यावं लागलं होतं. पुढची तपासणी अजून चार महिने लांब होती.

आता पुन्हा चौदा नंबर. दारं बंद झाली, जिने सरले. वैमानिकानं ब्रेक सोडल्याचं सांगितलं. उजव्या पंखाकडून आवाज आला, उजवं मोकळं. डावीकडे मेहुणा ऐन उन्हाच्या तिरिपेत उभा होता. सूर्य विमानाच्या शेपटीमागे, त्यामुळे टगवरून बघणाऱ्याला तिथं नुसता चकचकाट दिसत होता आणि त्यात हलणारी एक काळी आकृती.

त्याच वेळी मागच्या वाटेवरून एक विमान आत येत होतं. त्याला पंधरा नंबरवर, म्हणजे शेजारीच, उभं राहायचं होतं. पण पंधरा नंबरच्या तोंडाशी एक टँकर रेंगाळला होता. आत येणारं विमान अर्धवट वळून मध्येच थांबलं. नाक आत, शेपूट वाटेवर आणि एक पंख सरळ चौदा नंबरच्या पाठीमागे आडवा. टगवरून ते दिसत नव्हतं. मेहुण्याला दिसलं.

मुंगीच्या उजव्या खांद्यावर खरखर झाली. तिच्यातून दोन शब्द आले. "डावं मोकळं."

त्यानं पाय हलवला. टगनं दात खाल्ल्यासारखा आवाज केला आणि सत्तर टनांचं धूड, आत एकशे ऐंशी माणसं घेऊन, मागे सरकायला लागलं.

पहिले काही मीटर टगवाल्याची नजर विमानाच्या पुढच्या चाकावर असते, चाक सरळ आहे ना, हे बघायला. ते बघून त्यानं नजर उचलली, आणि सवयीप्रमाणे सावलीकडे पाहिलं. सावल्या बघायचं त्याचं त्यानंच शोधून काढलेलं होतं. सूर्य विमानामागे असला की पंखाची सावली पुढं, टगच्या बाजूला, काँक्रीटवर पडते. पंखाचं टोक दिसलं नाही तरी सावलीचं टोक दिसतं. आज डाव्या पंखाची सावली होती, आणि तिच्यापलीकडे आणखी एक सावली होती.

दोन सावल्यांच्या मध्ये उन्हाचा एक पट्टा होता. खाटेएवढा रुंद. तो बघता बघता दाराएवढा झाला.

अशा वेळी कुणीही ब्रेकवर उभा राहील. मुंगी राहिला नाही. टग आणि विमान यांना जोडणारा एक लोखंडी दांडा असतो आणि त्या दांड्यात एक पिन मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. जोराचा हिसका बसला तर विमानाचं नाक मोडण्याऐवजी पिन तुटावी, यासाठी. पण पिन तुटली की विमान सुटलं. मग ते आपल्या वजनानं मागे जाणार, कुणाच्या हातात नसलेलं. हळू दाबावं तर पट्टा संपतोय. जोरात दाबावं तर पिन जातेय. या दोहोंच्या मधला जो दाब असतो, तो कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही. तो पायाच्या अंगठ्यात असतो, आणि यायला सव्वीस वर्षं लागतात.

हेडफोनमध्ये तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "कॅप्टन, मी थांबवतोय. तुम्ही ब्रेकला पाय लावू नका, हिसका बसेल."

पट्टा खिडकीएवढा झाला. मग ताटाएवढा. दांडा करकरला. टगची मागची चाकं जराशी उचलल्यासारखी झाली आणि टेकली. विमानाचं नाक एकदा खाली वाकलं, जणू कुणाला नमस्कार केला, आणि सगळं थांबलं. पिन तुटली नव्हती. काँक्रीटवर दोन सावल्यांच्या मध्ये उन्हाची एक रेघ उरली होती.

वर खिडकीत एक आजीबाई दिसत होत्या. त्यांचा चष्मा मांडीवर पडला होता. त्यांनी तो उचलून डोळ्यांवर ठेवला आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. त्यांच्या लेखी काहीच घडलं नव्हतं.

मेहुणा धावत आला. त्यानं डोक्यावर दोन्ही दांड्यांची फुली धरली होती, थांबण्याची खूण, आणि थांबून मिनिट झालं तरी हात खाली घ्यायचं त्याला सुचत नव्हतं. दोन पंखांच्या मधली जागा त्यानं खालून नजरेनं मोजली होती. चार बोटं.

"दाजी," तो म्हणाला, "मी नाही म्हटलं होतं."

"काय नाही म्हटलंस?"

"'डावं मोकळं नाही.' असं म्हटलं. ते विमान अडकलेलं दिसलं, तसं लगेच म्हटलं, आणि दांड्या वर करून पळत सुटलो."

मुंगीनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं आपल्या उजव्या खांद्यावरच्या वॉकी-टॉकीकडे पाहिलं. टगवरून उतरून त्यानं वाकून दांड्यातली पिन तपासली.

संध्याकाळी घरी बायकोनं तीन कप चहा ओतला. रोज पाळी संपली की मेहुणा त्याच्याबरोबर घरी यायचा, ताईच्या हातचा चहा प्यायचा, दिवसभराचं सगळं पुन्हा एकदा सांगायचा आणि मग आपल्या घरी जायचा. त्या दिवशी तो आला नाही. त्यानं ताईला फोन केला होता. तिसरा कप ओट्यावर गार होत होता. फोनवर तो फार बोललाही नाही, हे तिनं नवऱ्याला सांगितलं. उद्या सकाळी चौकशी होती. मेहुणा म्हणणार, मी 'मोकळं नाही' म्हटलं. मुंगी म्हणणार, मी 'मोकळं' ऐकलं. एकाच्या पाठीशी दोन लेखी समज, दुसऱ्याच्या पाठीशी सव्वीस वर्षं. कुणाचं खरं धरणार, ते सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

ती टेबलाला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात एक वाक्य बोलली. तो चहावर फुंकर मारत राहिला. मग ती डाव्या बाजूला आली.

"काय म्हणाले मी?"

"कधी?"

"आत्ता."

त्यानं कप खाली ठेवला. कपाचा कान डावीकडे वळवला. मग त्यानं विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुला?"

तीन वर्षं, ती म्हणाली. टीव्ही शेजाऱ्यांना ऐकू जायला लागला तेव्हापासून. जेवताना आपण त्याच्या डावीकडे का बसतो, रस्त्यानं जाताना बाजू का बदलतो, त्याला काय वाटत होतं, तिकडे वारा बरा लागतो म्हणून? मग बोलली का नाहीस, यावर ती म्हणाली की तो एवढ्या कष्टानं लपवत होता, म्हटलं लपवू दे. प्रत्येकाला एखादी गोष्ट झाकून ठेवायची मुभा असावी. भावाचं नाव तिनं काढलं नाही.

"अगं, मला खरंच माहीत नाही," तो म्हणाला. "'नाही' आलंच नाही, की आलं आणि माझ्यापर्यंत पोचलं नाही. मी दुपारपासून तेच ऐकतोय. दर वेळी दोनच शब्द येतात. पण माझ्या कानाचं काय, तो तर दोनच देणार."

"मी काही सांगणार नाही तुम्हाला," ती म्हणाली. "इकडून गेलं तरी माझंच जाणार, तिकडून गेलं तरी माझंच."

तिनं तिसरा कप उचलला आणि मोरीत रिकामा केला.

दुसरा अंक सकाळी दहा वाजता. रंगमंचावर एक लांब टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर रॅम्पचा नकाशा. टेबलावर प्लास्टिकची दोन खेळण्यातली विमानं आणि एक आगपेटी. आगपेटी म्हणजे टँकर. चौकशीला सुरक्षा अधिकारी होत्या. पन्नाशीच्या बाई, केस आखूड, आवाज मऊ. कधीकाळी त्यांनी स्वतः पंखाशी चालायचं काम केलं होतं. त्यांच्या कोपराशी एक छोटं यंत्र झाकून ठेवलं होतं, पण त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

आधी मेहुण्याला विचारलं. त्यानं विमानं हातात घेऊन कोण कुठं होतं ते दाखवलं आणि तीन वाक्यांत संपवलं. जन्मात पहिल्यांदाच असेल. शेवटचं वाक्य होतं, "मी 'डावं मोकळं नाही' म्हटलं, पण दाजींनी नाही ऐकलं म्हटलं तर त्यांचंच खरं असेल. ते खोटं बोलत नाहीत."

मुंगीला बसल्या जागी काहीतरी टोचलं.

बाईंनी त्याच्याकडे वळून विचारलं, "तुम्ही काय ऐकलंत?"

"'डावं मोकळं.'"

"नक्की?"

"मी ऐकलं ते नक्की." तो थांबला. "पण मॅडम, माझ्या ऐकण्यावर जाऊ नका. माझा उजवा कान गेलाय. तीन वर्षं झाली."

मेहुणा मान वळवून त्याच्याकडे असा बघत होता, जणू शेजारी भलताच माणूस येऊन बसला आहे. मुंगीनं सगळं सांगितलं. झाकण सरकवायची सवय, शब्दांच्या गळलेल्या कडा, काचेचं कपाट, काचेतलं बोट. काही राखलं नाही. सांगून झाल्यावर त्यानं खिशातून टगची किल्ली काढली आणि आगपेटीशेजारी ठेवली. मेहुण्याच्या तोंडून बारीक आवाजात "दाजी" एवढंच बाहेर आलं.

बाईंनी किल्ली उचलली नाही. त्यांनी कोपराशी झाकलेलं यंत्र पुढं ओढलं. गेल्या महिन्यापासून वॉकी-टॉकीवरचं सगळं बोलणं साठवलं जातं, हे रॅम्पवर अजून कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी बटण दाबलं. खरखर. मेहुण्याचा आवाज, घाईतला, पण खणखणीत. "डावं मोकळं—" आणि टक्.

त्यांनी पुन्हा लावलं. "डावं मोकळं—" टक्.

तिसऱ्यांदा मेहुण्यानं डोळे मिटले. वॉकी-टॉकीचं बटण दाबलेलं असेपर्यंतच बोलणं पलीकडे जातं. पळायच्या घाईत त्याचं बोट त्या बटणावरून आधी सुटलं होतं आणि शेवटचा शब्द तोंडातून निघून हवेत गेला होता, यंत्रात नाही. तो कुणाच्याच कानाला पोचणं शक्य नव्हतं, चांगल्या नाही, वाईट नाही. दोघंही खरं बोलले होते.

बाईंनी चष्मा काढला. ठपका असा कुणावर ठेवायचा, त्या जणू स्वतःशीच बोलल्या, बटणावर? मेहुण्याला त्यांनी सांगितलं की त्याचा पास राहील, पण बोट उचलायच्या आधी श्वास घ्यायला शीक, बाबा. मेहुण्यानं मान हलवली. मग त्या मुंगीकडे वळल्या, आणि त्यांचा मऊ आवाज आणखी मऊ झाला. आजपासून त्याला टगवर बसू देता येणार नव्हतं. कान पुन्हा तपासावे लागतील, आणि या वेळी कपाटाला पडदा असेल. हे म्हणताना त्यांना हसू आलं नाही आणि त्यालाही.

"दोन मिनिटं थांबला असतात," त्या म्हणाल्या, "तर मी हे आधी लावलं असतं. तुम्हाला कानाचं सांगायची गरजच पडली नसती."

"काल 'नाही' यंत्राच्या अलीकडेच अडकलं, मॅडम," तो म्हणाला. "उद्या ते नीट आलं असतं आणि माझ्यात अडकलं असतं."

बाईंनी किल्ली उचलून खणात ठेवली. खण बंद झाल्याचा आवाज त्याला डाव्या कानानं स्वच्छ ऐकू आला. मग त्यांनी कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाल्या की शेवटी एक रकाना असतो, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं. तिथं काय लिहू? त्यांनी आधी मेहुण्याकडे पाहिलं. त्यानं तोंड उघडलं, आणि दाजींकडे बघून मिटलं.

मुंगीनं खेळण्यातलं एक विमान उचललं आणि दुसऱ्यापासून हातभर लांब नेऊन ठेवलं. त्याला घाई नव्हती. ती त्याला कधीच नव्हती.

"लिहा," तो म्हणाला. "आपल्या बोलण्यात 'नाही' सगळ्यात शेवटी येतं, आणि बोट त्याच्याआधी सुटतं. म्हणून रॅम्पवर 'नाही' म्हणूच नका. वाट असेल तर 'मोकळं', नसेल तर 'थांब'. 'थांब' अर्धाच पोचला, तरी पाय ब्रेकवर जातो."